आप्पांवर गेलेली मुलगी

जिना चढता चढता तिला समोरून एक माणूस रडत खाली येताना दिसला.

रडत म्हणजे अगदी ढसाढसा. डोळे लाल, नाकाचा शेंडा लाल, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेली एक मोठी काचेची बरणी, त्यामुळे बिचाऱ्याला गाल पुसायचीही सोय नाही. तिने भिंतीला चिकटून वाट दिली. पण तो जवळून जायला लागला तेव्हा तिला राहवेना.

"कोण गेलं?" तिने हळूच विचारलं.

"अं?"

"नाही म्हणजे... घरचं कोणी?"

तो थांबला. बरणीच्या कडेवरून त्याने तिच्याकडे पाहिलं. "कोणी नाही हो. आम्ल तापवत होतो, वाफ डोळ्यांत गेली."

तोवर तिने पर्समधून रुमाल काढलाही होता. "असं होय! मग राहू दे," म्हणत ती तो परत आत ठेवायला लागली.

"राहू कसा दे? काढलाय तर द्या की. रुमाल मिळायला घरातलं कोणीतरी जायलाच पाहिजे का?"

"पण तुमचे हात कुठे मोकळे आहेत?"

"मग पुसा."

बोलून गेला आणि आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. त्याचे कानही लाल झाले. तिने फळा पुसावा तसे त्याचे गाल घाईघाईने, त्याच्याकडे न बघता पुसले आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाली. रुमालाला व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता. टेबलाशी बसल्यावर तिने तो दोनदा हुंगून पाहिला... मग स्वतःलाच हसून पर्समध्ये कोंबला.

गोष्ट तशी जुनी आहे. पुस्तकांतली चित्रं माणसं हाताने, टाकाने काढायची, त्या काळातली. जीवशास्त्र विभागाचे प्रमुख पुस्तक लिहीत होते आणि त्यातली चित्रं काढायला त्यांनी तिला बोलावलं होतं. केसाएवढी बारीक रेघ एका दमात ओढावी तर तिनेच, अशी तिची ख्याती होती. वय सव्वीस. बोलायला फटकळ, हसायला मोकळी. पण लग्नाचा विषय निघाला की खोलीतून पाणी प्यायला म्हणून जी जायची, ती परत यायचीच नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला एका खोलीत नेलं. "प्रकरण चौथं यांच्याकडून समजून घ्या. हे आमचे कांदेबुवा."

कालचाच तो रडका! आज डोळे कोरडे होते. उजव्या हाताचा अंगठा मात्र लालभडक. विभागाच्या गच्चीवर त्याने कुंड्याच कुंड्या कांदे लावले होते आणि त्यांतला एकही तो खात नसे. कांद्याला फुलं येईपर्यंत धीर धरणारा दुसरा माणूस कोणी पाहिला नव्हता, म्हणून सगळे त्याला कांदेबुवाच म्हणत. त्या फुलांच्या कोवळ्या कळ्यांमध्ये तो गुणसूत्रं बघायचा. कळीतला इवलासा पिवळा कण लाल रंगात टाकायचा, दिव्यावर जरा शेकायचा, वर पातळ काच ठेवायची आणि अंगठ्याने दाबायचं. अंगठा त्यामुळेच लाल.

"बघा," सूक्ष्मदर्शकावरून बाजूला होत तो म्हणाला. "काय दिसतंय?"

"लाल दोऱ्याचे तुकडे. कोणीतरी रागाने शिवण उसवल्यासारखे."

"नीट बघा. सुटे आहेत?"

ती एक डोळा मिटून बघत राहिली. "नाही. जोड्या आहेत. आणि जोडीतले दोघं... एकमेकांत अडकलेत. इथे एक फुली, इथे एक फुली."

"त्या फुल्यांसाठीच मी कांदे पाळतो," तो म्हणाला. "जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. एरवी जन्मभर एका घरात राहतात, पण एकमेकांकडे ढुंकून बघत नाहीत. पुढची पिढी घडवायची वेळ आली की मात्र शेजारी येतात. अगदी टोकाला टोक लावून, अंगाला अंग लावून... म्हणजे, शास्त्रीय अर्थाने."

"शास्त्रीय अर्थानेच ऐकतेय मी. पुढे?"

"पुढे दोघंही तुटतात. एकाच जागी. आणि याचा तुकडा त्याला, त्याचा तुकडा याला जोडला जातो. पुस्तकात याला पारगती म्हणतात. मग वेगळे होऊन दोन दिशांना जातात."

"तुटतात?" तिने डोळा वर केला. हसू एकदम मावळलं होतं. "खरंच तुटतात? जोडताना काही राहून गेलं तर? नको ते चिकटलं तर?"

"क्वचित होतं तसंही. पण बहुतेक वेळा टाका इतका बेमालूम बसतो की..."

"आणि एखाद्याचा चेहरा जर आजोबांसारखा असला," ती मधेच म्हणाली, "तर आजोबांचं बाकीचं सगळंही त्याच्या मागोमाग येतं का?"

"म्हणजे कोणाचा चेहरा?"

"एक मैत्रीण आहे," ती म्हणाली आणि टोक असलेलीच पेन्सिल पुन्हा तासत बसली.

मैत्रीण वगैरे कोणी नव्हती. तिच्या घरी एक दुखणं होतं. घरात त्याला नाव नव्हतं, "आपलं दुखणं" एवढंच म्हणत. तिच्या आईच्या वडिलांना, आप्पांना, ते चाळिशीत लागलं होतं. आधी हातातून वस्तू निसटायच्या, मग अंग आपोआप हिसके द्यायला लागलं, मग स्वभाव फिरला, मग बोलणं गेलं, मग आप्पाच गेले. आईलाही बरोबर त्याच वयात लागलं. आता आई खिडकीशी खुर्चीत असायची. हात, मान, पाय कोणी दोरीने ओढावेत तसे सारखे हलत असायचे, आणि बाबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून तिला चमच्याने भरवत असायचे. आईबापांपैकी एकाला असलं, तर मुलाला येण्याची शक्यता निम्मी-निम्मी. नाणं उडवावं तशी.

पण तिच्या बाबतीत नाणं उडवायचीही गरज नाही, असं घरात धरूनच चालले होते. कारण ती आप्पांवर गेली होती. तीच हनुवटी, तसेच घारे डोळे, चालताना डावा खांदा किंचित पुढे. आईची थोरली बहीण, तिची मावशी, एका शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, येता-जाता म्हणायची, "काय बाई, आप्पांनी जणू सही करून ठेवलीय!" आणि लगेच, "मी मात्र पहिल्यापासून आमच्या आईवर गेले."

त्यामुळे रोज सकाळी दात घासायच्याही आधी ती सुईत दोरा ओवून बघायची. ओवला गेला की तो दिवस तिचा.

चौथं प्रकरण महिन्याभरात संपायला हवं होतं. ते संपेना. तिला शंका फार यायच्या, आणि त्याला त्या सोडवायला गच्चीवरच जावं लागायचं. पोकळ हिरव्या दांड्यांवर पांढऱ्या फुलांचे गेंद डोलत असायचे, मधमाश्या गुणगुणत असायच्या, आणि दोघं कुंड्यांच्या मधे उकिडवी बसून कळ्या निवडत असायची.

"तुम्ही चित्रात फुली नेहमी मधोमध काढता," तो म्हणायचा. "तुटायची जागा ठरलेली नसते. कुठेही तुटतं."

"पण मधोमध चांगली दिसते."

"शास्त्र दिसण्यावर चालत नाही, चित्रवाल्या बाई."

"तरीच तुम्ही शास्त्रात टिकून आहात."

तो हसायचा. हसताना खाली बघायचा. कळी तिच्या तळहातावर ठेवताना त्याचा लाल अंगठा तिथे उगाच क्षणभर जास्त रेंगाळायचा... आणि तिला तो तसाच राहावासा वाटायचा. त्यामागोमाग भीती. 'हे काय चालवलंयस तू?' ती स्वतःला विचारायची. 'बाबांसारखा याच्याही हातात चमचा देणार आहेस का?'

एका दुपारी शाईची रेघ ओढताना तिचा हात थरथरला. सरळ रेघेत एक बारीकशी लाट उमटली. कदाचित टेबल हललं असेल, कदाचित सकाळपासून पोटात काही नव्हतं म्हणून असेल. पण ती त्या लाटेकडे बघत पुतळ्यासारखी बसली.

"काय झालं?" तो जवळ आला. "एवढंच ना? खरवडून काढू. अगं, तू अशी पांढरी का पडलीस?"

तिला 'तू' म्हणण्याची ती पहिली वेळ. एरवी तिने त्यावर चार टोमणे मारले असते. त्या दिवशी तिने डोळे मिटून घेतले. तो असाच बोलत राहिला तर आपण त्याच्या खांद्यावर डोकं ठेवू, हे तिला कळलं, आणि त्याच क्षणी तिने ठरवलं. याला पळवून लावायचं. आजच.

"संध्याकाळी घरी येशील?" ती म्हणाली. "आईला भेटायला."

त्याचा चेहरा असा उजळला की तिला स्वतःची लाज वाटली.

तो आला तेव्हा त्याने भांग पाडला होता. हातात कांद्याच्या फुलांचा गुच्छ होता, म्हणजे प्रेमात पडलेला माणूस काय आणेल याचा नेम नाही. दार उघडल्यावर तिने काही न सांगता त्याला सरळ आईसमोर नेऊन उभं केलं. आईचा हात उडाला आणि बाबांच्या हातातला चहा त्याच्या पांढऱ्या शर्टवर सांडला. आईने काहीतरी म्हटलं, ते कोणालाच लागलं नाही. मान गरकन वळली, जीभ बाहेर आली, पाय खुर्चीवर आपटला.

"आधी आजोबांना, आप्पांना, हे दुखणं लागलं, मग आईला," तिने वर्गात धडा वाचावा तसं सांगितलं. "हे आनुवंशिक असतं. आता माझी पाळी."

मावशी होतीच तिथे. तिने चष्मा वर सरकवला. "स्पष्ट बोलते, राग मानू नका. मुलगी सोन्यासारखी आहे. पण पूर्ण आप्पांवर गेलीय. तुम्ही आपला विचार करा."

त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलेलं तिला दिसलं. चहा टिपायलाही त्याचा हात उठला नाही. मग "येतो" असं काहीतरी पुटपुटला आणि गेला. गुच्छ तिथेच राहिला. रात्रभर घराला कांद्याचा वास येत होता, आणि तिला रडायला निदान तेवढं निमित्त मिळालं.

दुसऱ्या दिवशी तो विभागात आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गच्चीवरच्या कुंड्यांना शिपाई पाणी घालायला लागला. ती मान खाली घालून पाचव्या प्रकरणातले बेडूक काढत राहिली. झालं ते बरंच झालं, असं ती मनाशी घोकत होती, आणि जिन्यावर पाऊल वाजलं की टाक थांबवत होती.

पुढच्या आठवड्यात तिच्या टेबलावर सावली पडली.

"मी घाबरलो होतो," तो म्हणाला. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले.

"मला दिसलं."

"पळालो."

"तेही दिसलं."

"कुठपर्यंत पळालो ते नाही दिसलं तुला. बहिणीच्या गावापर्यंत. तिने दोन दिवस ठेवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी हाकलून दिलं. म्हणाली, घाबरायचंच तर तिच्याजवळ बसून घाबर, इथे माझा तांदूळ का संपवतोयस?" तिला हसू आलं नाही, पण ओठ जरा हलले. तो स्टूल ओढून समोर बसला. "त्या दिवशी तू मैत्रिणीचं विचारलं होतंस. चेहऱ्याचं. मी नीट उत्तर दिलं नव्हतं."

"आता कशाला?"

"कारण ते चूक आहे. तू आप्पांवर गेलीस, म्हणून दुखणंही तुझंच, हे साफ चूक आहे. आईने तुला आप्पांचं गुणसूत्र जसंच्या तसं उचलून दिलेलं नाही. आप्पांचं आणि आजीचं शेजारी आलं, तुटलं, तुकड्यांची अदलाबदल झाली, आणि त्या सरमिसळीतलं एक तुझ्याकडे आलं. अशा कितीतरी जोड्या. हनुवटी एकीकडून, डोळे दुसरीकडून, दुखणं भलतीकडेच. तुझ्या हनुवटीला तुझ्या दुखण्याची काही खबर नाही."

"म्हणजे मला नाही?"

खोटं बोलायला ती जागा फार सोपी होती. "असं नाही म्हणता येणार. निम्मी शक्यता आहेच. पण निम्मीच. तू आजवर पूर्ण धरून बसली होतीस."

मग त्याने सांगितलं की मोठ्या इस्पितळात एक तपासणी नव्याने सुरू झाली आहे. दुखण्याचं जनुक अजून कोणाला सापडलेलं नाही. पण त्याचा शेजारी सापडला आहे.

"शेजारी?"

"एकाच गुणसूत्रावर, भिंतीला भिंत लागून असलेली एक खूण. तुकडे बदलतात तेव्हा शेजारी-शेजारी सहसा एकत्रच जातात. तुझ्याकडे आलेला शेजारी आप्पांचा की आजीचा, एवढं ते रक्तावरून बघतात. आप्पांचा शेजारी आला, तर दुखणं आलं. आजीचा आला, तर नाही."

"नक्की?"

"बहुतेक. शंभरात चार-पाच वेळा नेमकं त्या दोन घरांच्या मधल्या भिंतीतूनच तुटतं. तेव्हा उत्तर उलटं."

"तुझ्या फुल्या," ती कडवटपणे म्हणाली. "कुठेही तुटतं."

"हो. तिथे मी काही करू शकत नाही." त्याने लाल अंगठा टेबलावर घासला. "आणि तपासणी करच, असं सांगायला मी आलो नाही. न करताही माणसं जगतात. मी दुसरंच विचारायला आलोय. माझ्याशी लग्न करशील?"

तिच्या टाकावरून शाईचा थेंब बेडकाच्या पाठीवर पडला.

"वेडा आहेस का? उत्तर कळू दे, मग विचार."

"नंतर विचारलं तर तुला जन्मभर वाटेल की मी निकालाशी लग्न केलं. आत्ताच विचारतोय. फार घाबरून विचारतोय, पण आत्ताच."

"मग मी नंतर सांगते."

"नंतरचं मला ऐकायचं नाही," तो म्हणाला, आणि आपल्याच हट्टाचं नवल वाटल्यासारखा उठून गच्चीवर गेला.

त्या संध्याकाळी तिने बाबांना विचारलं, "बाबा, लग्नाआधी आईचं कळलं असतं तर तुम्ही लग्न केलं असतं?"

बाबा आईचा चेहरा ओल्या फडक्याने पुसत होते. आई डुलकी घेत होती. झोपेत तिचं अंग शांत असायचं, तेवढ्यापुरती ती पूर्वीची आई दिसायची. "खरं सांगू, बबडे? पळालो असतो," बाबा म्हणाले. "आणि फार मोठ्या सुखाला मुकलो असतो. तेव्हा कळलं नाही तेच बरं झालं." मग थोड्या वेळाने, "तुझा तो पळालेला परत आला म्हणे?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तू आज जेवलीस," बाबा म्हणाले.

तपासणीसाठी चौघांचं रक्त हवं होतं. तिचं, आईचं, बाबांचं आणि मावशीचं. आजी-आजोबा हयात नव्हते, त्यामुळे कोणती खूण कोणाची, हे दोन बहिणींची खूण जुळवूनच ठरवावं लागणार होतं. मावशीने ऐकताक्षणी नाही म्हटलं.

"माझा काय संबंध? साठी उलटली माझी. मी आईवर गेलेय."

"मावशी, चेहऱ्यावर काही नसतं. तो म्हणतो..."

"त्या कांदेवाल्याला म्हणावं, कांदे सोल!"

ती पुन्हा गेली. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा गेली तेव्हा भरदुपार होती आणि मावशी बैठकीत एकटी, हातातलं विणकाम तसंच मांडीवर टाकून बसली होती. मुख्याध्यापिकेचा आवाज कुठेतरी हरवला होता.

"माझं रक्त काढलं आणि माझ्यातच निघालं तर?" मावशी म्हणाली. "साठीनंतरही लागतं एखाद्याला. मी विचारून ठेवलंय." सुया तिने एकमेकींवर घासल्या. "तुला एक सांगते. तू जन्मलीस, पाळण्यात बघितलं, आप्पांची हनुवटी. मला काय वाटलं असेल? आनंद झाला. वाटलं, चला, त्या दुखण्याला हवं ते माणूस मिळालं, आता ते माझ्याकडे बघणार नाही. म्हणून सारखं म्हणायची. तू आप्पांवर गेलीस, तू आप्पांवर गेलीस... ते ऐकत असेल तर त्याला ऐकू जावं म्हणून."

राग यायला हवा होता. पण समोरची बाई एकदम इतकी लहान दिसत होती की रागाला जागाच सापडेना.

"मावशी, तू लग्न का नाही केलंस?"

"योग्य माणूस मिळाला नाही."

"मावशी..."

"मिळाला होता," मावशी म्हणाली. "गणिताचा शिक्षक. तीन वर्षं माझ्यासाठी थांबला. मी सगळ्यांना सांगितलं, तापट आहे. गायीसारखा माणूस गं, शिंकतानासुद्धा माफी मागायचा." ती हसली आणि हसता हसता तिचा चष्मा ओला झाला. "कधी आहे तुमचं ते रक्त काढणं?"

निकालाच्या दिवशी इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यात चौघं बसले होते. ती, बाबा, मावशी, आणि जरा अंतर ठेवून तो. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, कोणी घालवलंही नव्हतं. फिनेलचा वास, पांढऱ्या फरश्या, कुठेतरी नळ टपकत होता. बंद दाराच्या पलीकडे एका कागदावर तिचं पुढचं आयुष्य टंकून तयार होतं, आणि त्यातलं एक अक्षर आता बदलणार नव्हतं.

तिने मावशीकडे पाहिलं. मावशी हातातली पिशवी घट्ट धरून समोरच्या भिंतीकडे बघत होती. मग मावशीला तिथेच सोडून ती उठली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"ऐक," ती म्हणाली. "आत गेल्यावर काहीही निघो."

"हं."

"मला फार भीती वाटतेय."

"मला उलटी होईलसं वाटतंय," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"इथे नको करूस. आधी माझं उत्तर ऐक." तिचा आवाज कापला, तरी तिने तो थांबू दिला नाही. "हो. करीन तुझ्याशी लग्न. आत्ता सांगतेय, बघ. दार अजून उघडलेलं नाही."

त्याने तिचा हात हातात घेतला, बाबा आणि मावशी बसलेले असतानाच. बाबांनी एकदम छताचा पंखा न्याहाळायला घेतला.

दार उघडलं.

डॉक्टरीणबाई हळू बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आधी समजावून सांगितलं. आईच्या दोन खुणा, एक लांब, एक आखूड. मावशीकडे आखूड आहे, लांब नाही. आखूड खूण दुखण्याच्या शेजारची असती, तर मावशीला ते एव्हाना लागलं असतं; म्हणून आखूड ती आजीकडची. म्हणजे लांब खूण आप्पांची, दुखण्याच्या शेजारची. आणि ती मावशीकडे नाही.

"म्हणजे मला...?" मावशीने विचारलं.

"तुम्हाला तशी भीती बाळगायचं कारण नाही. बहुधा कधीच नव्हतं."

मावशी खुर्चीत मागे टेकली. आनंदाचा मागमूसही नव्हता चेहऱ्यावर. "मग मी उगाच..." एवढंच म्हणाली. ते पुढचे शब्द कोणी विचारले नाहीत.

"आणि ही?" बाबांचा आवाज फुटला.

"हिला आईकडून आखूड खूण आली आहे."

क्षणभर कोणाला कळलंच नाही. सगळ्यात आधी कळलं ते कांदेबुवांना. त्यांनी खरोखर तोंडावर हात धरला आणि खोलीबाहेर धाव घेतली. बाबा रडत होते. ती मात्र कोरड्या डोळ्यांनी बसली होती.

"ते मधल्या भिंतीचं," तिने विचारलं. "नेमकं तिथेच तुटलं असलं तर?"

"तेवढी शंका राहणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शंभरात चार-पाच. ती आज मला काढून टाकता येत नाही."

तो परत आला तेव्हा त्याने तोंड धुतलं होतं, केसांवरून पाणी ठिबकत होतं. बाहेर पायऱ्यांवर दोघं थोडा वेळ उभी राहिली.

"चार-पाच उरलेत," ती म्हणाली. "मी अधूनमधून घाबरत राहणार. चाळिशी आली की जास्तच."

"घाबर की. मी असेन ना. मला तर सवयच आहे."

"आणि आईचं? तिचं दिवसेंदिवस अवघडच होत जाणार. ते तुला रोज बघावं लागेल."

"ते मी बघितलंय," तो म्हणाला. "शर्टाचा डाग अजून गेला नाही."

आता मात्र ती हसली, आणि हसताच रडू फुटलं, आणि या वेळी खांद्यावर डोकं ठेवायला तिने कोणाची परवानगी घेतली नाही.

घरी शेजारच्या काकू आईजवळ बसल्या होत्या. आई जागी होती. लेक खुर्चीपाशी खाली बसली, आईचा उडता हात तिने दोन्ही हातांत धरला आणि सगळं सांगितलं. आपलं, मावशीचं. आईचे डोळे एकीवरून दुसरीवर गेले, मावशीपाशी बराच वेळ थांबले. मावशीने पुढे होऊन धाकट्या बहिणीच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग आईची नजर दाराकडे गेली. तिथे तो अवघडून उभा होता, आत यावं की नाही या विचारात, आणि चेहरा पुन्हा पांढराफटक.

आई बोलायला लागली. मान वळत होती, शब्द तोंडातून निसटत होता, ती तो पुन्हा पकडत होती. सगळे थांबले. बाबा वाकले, आईचं बोलणं त्यांनाच आधी लागायचं.

"भित्रा..." आई म्हणाली. मग खूप वेळाने, "आहे."

तो आणखीच अवघडला. बाबा काही सावरून घेणार, तेवढ्यात आईने पाय आपटला. तिचं अजून संपलं नव्हतं.

"तरी... आला."

तो आत आला. खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसला. आईचा हात हवेत उडाला आणि त्याच्या गालावर चांगलाच फटकन बसला. मुद्दाम होता की आपोआप, ते सांगता येत नव्हतं.

"हो, आई," तो गाल चोळत म्हणाला.